काउंटरची आतली बाजू

सहा डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, राडमनांचा कालवांचा बार गिऱ्हाइकांसाठी बंद असतो, हे निम्म्या न्यू ऑर्लिन्सला ठाऊक आहे. तरी दर वर्षी कुणीतरी येऊन काचेवर टकटक करतोच. या वर्षी आलेला माणूस टाय लावून होता. नेदाने आतूनच 'उद्या' अशी खूण केली. त्याने काचेला नाक लावून काउंटरकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि कॉलर वर करून थंडीत निघून गेला.

"कोण होता?" यूरे राडमनने आतून विचारलं.

"होता कुणी भुकेला."

"उद्या येईल," म्हातारा म्हणाला. "आपल्याकडून तुटलेलं गिऱ्हाईक मी एकाच ठिकाणी पाहिलंय, कबरस्तानात."

ही बढाई होती, पण पोकळ नव्हती. यूरेच्या बापाने एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं आपलं गाव सोडून इथे येऊन हा बार मांडला तेव्हापासून फारसं काही बदललं नव्हतं. भिंतीला चिकटलेली चार-पाच टेबलं होती, पण तिथे बसायचं ते म्हाताऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि परगावच्या पाहुण्यांनी. खरा मान उभ्याने खाण्याचा. राखाडी संगमरवराच्या लांबलचक काउंटरला पोट टेकवायचं. पलीकडचा माणूस बर्फातून कालव उचलणार, सुरीने उघडून समोर ठेवणार, तुम्ही लिंबू पिळून ते घशाखाली सोडणार आणि शिंपला पालथा घालून पुढच्याची वाट बघणार. शेजारी न्यायाधीश असो की गोदीतला हमाल, कोपराला कोपर लागायचंच, आणि त्याबद्दल कुणी कुणाची माफी मागत नसे.

यूरेची लेक नेदा गल्ल्यापाशी उभी राहून लिंबं कापत होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिने एक काम उरकून ठेवलं होतं, आणि आता बर्फाच्या पेटीकडे बघायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. बघितलं नाही तरी पेटी तिथेच होती, उजव्या टोकाला, आजोबांनी ठेवली तिथेच.

मागच्या दाराशी ट्रक थांबला. आधी काठी आत आली, तिच्यामागून तेता विंका. तेता म्हणजे आत्या, यूरेची थोरली बहीण. नदी समुद्राला मिळते त्या खालच्या मुलखात ती लुकाच्या घरी राहत असे आणि वर्षातून दोनदा शहरात येत असे, एकदा डॉक्टरकडे आणि एकदा निकोलाला. डॉक्टरचं ती ऐकत नसे.

"थंडी चांगली पडलीय," ती म्हणाली. "कालवं भरली असतील. यूरे, तू मात्र आटलास हो."

"तुझी नजर आटलीय. बैस."

"बसू कशाला? मी काय परगावची आहे?" असं म्हणून ती काउंटरला टेकून उभी राहिली, आणि काठी तिने मुद्दाम नेदाकडे दिली.

मागोमाग लुका आला, दोन्ही खांद्यांवर गोणपाटाची एकेक ओली गोणी घेऊन. यूरेचा हा थोरला. खाडीतली कालवांची शेतं तोच सांभाळायचा, आणि दिवसभर पाण्यावर राहून त्याला बोलायची सवयच राहिली नव्हती. गोण्या त्याने पेटीशेजारी उतरवल्या. "ही आईच्या शेतातली," एका गोणीवर हात ठेवून तो म्हणाला. एवढं बोलून तो मागच्या अंगणात गेला आणि आठवडाभरात साठलेले रिकामे शिंपले ट्रकमध्ये भरू लागला. भरलेली गोणी यायची आणि रिकाम्या शिंपल्यांची गोणी जायची, असा हा दर आठवड्याचा फेरा. ते शिंपले परत खाडीत टाकायचे. जुन्या शिंपल्यांना पिल्लं चिकटतात आणि तिथेच मोठी होतात. राडमनांची पेरणी अशी, खाल्लेल्याच्याच टरफलांची.

सगळ्यात शेवटी आणि पुढच्या दाराने आला तो स्तिपे. धाकटा. त्याने सरोवराच्या बाजूला पांढऱ्या टेबलक्लॉथची दोन हॉटेलं थाटली होती आणि दोन्ही उत्तम चालत होती. माणूस मनाने मोकळा, हाताने सढळ, फक्त आपण खोलीत आल्यावर खोलीला कळलं पाहिजे असं त्याला वाटायचं.

"ताता," तो बापाला मिठी मारत म्हणाला, "तुम्ही तर दर वर्षी तरुण होताय."

"तेता आत्ताच उलट म्हणाली."

"तेताला मी चष्मा घेऊन देतो."

"मला नको चष्मा," विंका म्हणाली. "मला दिसायचं ते दिसतं. सूट नवा आहे, आणि पोटापाशी आवळतोय."

नेदा हसली. स्तिपेही हसला, पण बटण सोडताना. सगळे नेहमीसारखे हसतबोलत होते, आणि तरी प्रत्येकाची नजर अधूनमधून यूरेच्या कमरेच्या ॲप्रनकडे जात होती. तिथे सुरी होती.

राडमनांच्या घरात एक रीत होती, कुणी केव्हा घालून दिली कुणाला माहीत नाही. स्वतः उघडलेलं कालव स्वतः खायचं नाही. तुझं दुसऱ्याने उघडायचं, दुसऱ्याचं तू. निकोलाच्या दिवशी काउंटरवरचा राडमन सगळ्या घराला खाऊ घालायचा, आणि शेवटी सुरी पुसून काउंटरपलीकडे द्यायचा. ज्याच्या हाती सुरी, तो त्याच्यासाठी एकच कालव उघडायचा. यूरेचा बाप मरायच्या आधीच्या निकोलाला त्याने सुरी यूरेला दिली होती, आणि पुढे काउंटर कुणाचा हे वेगळं सांगावं लागलं नव्हतं. त्यानंतरची सारी वर्षं यूरेने ती आपल्या बायकोला, स्तानाला दिली, आणि तिने एक कालव उघडून ती परत केली. स्ताना गेल्यावर चार निकोला आले नि गेले, पण त्याने सुरी कुणालाच दिली नाही. पुसायची, खणात टाकायची आणि उपाशीच घरी जायचं. या वर्षी मात्र स्तानाची कबर धुताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "येत्या निकोलाला सुरी देणार." कुणाला, ते बोलला नाही. तेव्हापासून राडमनांच्या घरातल्या फोनला उसंत नव्हती.

"ताता, कामाचं बोलू की आधी खाऊ?" स्तिपेने विचारलं.

"खाताना बोल. तसंही तू थांबणार आहेस थोडाच."

"मग ऐका. मी लुकाशी बोललोय. त्याचा सगळा माल मी उचलणार, बाजार चढो की पडो. त्याला दारोदार फिरायची गरज नाही. खरं ना, लुका?"

अंगणातून आत आलेल्या लुकाने मान हलवली. होकार होता की मानेवरचा घाम झटकला, ते नेदाला कळलं नाही.  लुका आपल्या बाजूचा, असं तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण धरून चालली होती.

"आणि या जागेचं मी सोनं करतो," स्तिपे पुढे म्हणाला. "भिंत मागे घेऊ, टेबलं वाढवू. लोक आता उभ्याने नाही खात, ताता. काउंटर काढणार नाही, घाबरू नका. लहान करू. एका बाजूला, शोभेला."

"शोभेला फुलदाणी ठेवतात," नेदा म्हणाली.

"झालं. हिला माझं काही पटलंय का आजवर?"

"तुझं लग्न पटलं होतं. बायको चांगली आहे तुझी."

विंका खुदकन हसली, पण लगेच गंभीर झाली. "नेदा, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण सुरी मुलाच्या हाती शोभते. माझ्या बापाने मला विचारलं नव्हतं, मी कुठे रडत बसले? लुकाला पाणी सोडवत नाही, मग राहिला हा. बडबडतो, पण कर्ता आहे."

"मी कुठे काय म्हटलं, तेता?"

"म्हणत नाहीस तेच म्हणतेय मी."

नेदाने लिंबाच्या फोडी बशीत लावल्या. तिला हा काउंटर हवा होता. दुसरं काही नको होतं, आणि या गोष्टीची तिला लाज नव्हती. नऊ वर्षांची असताना ती आतल्या बाजूला शिरली होती आणि डाव्या हातात सुरी धरून तिने कालवाच्या बिजागरीत टोक घातलं होतं. बापाने सुरी काढून उजव्या हातात दिली. त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आत खांद्याला खांदा लावून तिघं उभे असतात, डावखुऱ्याचं कोपर शेजाऱ्याच्या सुरीत जातं. ती उजव्या हाताने शिकायला गेली, सुरी सटकली आणि डाव्या तळव्यात आरपार घुसली. वण अजून होता. मग तिला गल्ल्यावर बसवलं, नंतर अंगणातल्या निखाऱ्यांवर कालवं भाजायला दिली, आणि आतली बाजू तिच्यासाठी संपली. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं. मागच्या अंगणात आई दुसरीकडे तोंड करून उभी राहायची आणि नेदा डाव्या हाताने उघडत राहायची. स्तानाने मुलांत डावं-उजवं कधी केलं नाही.

आणि या उन्हाळ्यात एका भर दुपारी यूरेने एका जुन्या गिऱ्हाइकासमोर फाटलेलं कालव ठेवलं. पोट चिरलेलं, पाणी सांडलेलं. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकाने ते तसंच खाल्लं, ते जास्त वाईट होतं. नेदाने गल्ला बंद केला, आत गेली आणि बर्फाच्या पेटीमागे, भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. तिथून ती उघडत गेली आणि संगमरवरावरून त्याच्याकडे सरकवत गेली. तो लोकांपुढे मांडत गेला, गप्पा मारत गेला. दुसऱ्या टोकाला पगारावरची दोन माणसं होती, त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून तेच चाललं होतं. बाप-लेक त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. तो एवढंच म्हणायचा, "नेदा, जरा बर्फ बघ."

आज बर्फ बघायची सोय नव्हती. सगळं घर समोर उभं होतं. म्हणून तिने सकाळीच ताट भरून उघडून ठेवलं होतं. यूरेने ते पेटीतून डाव्या हाताने वर काढलं आणि संगमरवरावर ठेवलं. उजवा हात ॲप्रनच्या खिशात होता.

"हे काय?" विंकाने विचारलं. "आधीच उघडलेली? निकोलाला?"

"तुम्ही वेळेवर आलात कधी?"

"डोळ्यांदेखत उघडायची असतात, यूरे."

"खायची आहेत का तुला, की उलटतपासणी घ्यायची आहे?"

विंकाने नाक मुरडलं आणि एक उचललं. उपाशी कुणाला राहायचं नव्हतं. लुकाने लिंबूसुद्धा न पिळता घेतलं, स्तिपेने तिखट सॉसचे थेंब मोजून टाकले. थंडीने कालवं गच्च भरली होती आणि त्यांचं खारं पाणी शिंपल्यात जसंच्या तसं होतं. थोडा वेळ फक्त शिंपले पालथे पडल्याचे आवाज आले. नेदाही खात नव्हती. आपण उघडलेलं आपण खायचं नाही.

"घे की गं," स्तिपे म्हणाला.

"मी नंतर. निखारे बघायचेत."

"बघा तुम्ही सगळे," स्तिपे एक रिकामा शिंपला वर धरून म्हणाला, आणि नेदाला वाटलं, आता याने गप्प बसावं. "याला म्हणतात हात. कुठे कड तुटलेली नाही, मांस खरचटलेलं नाही. मी माझ्याकडे एकाहून एक माणसं ठेवलीत, पण असं एकाला जमत नाही. मागच्याच आठवड्यात आलो होतो ना मी, तातांनी दिली होती. माझे डोळे बांधा आणि शंभर जणांची कालवं ठेवा. मी तातांचं ओळखून काढीन. लहानपणापासून याच हातचं खाल्लंय."

"ओळखशील?" लुकाने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. लुका स्वतःहून बोलला की माणसं बघायचीच.

"म्हणजे काय? अर्थात."

लुकाने समोरचा एक शिंपला उताणा केला. मग दुसरा, मग तिसरा. ओळीने मांडले. "मग हे बघ. कालव शिंपल्याला जिथे धरून असतं, तिथे सुरी फिरते. तिथे ओरखडा राहतो. तातांचा ओरखडा कुठल्या बाजूने येतो?"

"मला काय माहीत? मी खातो, मोजमाप नाही करत."

"मी टाकतो ना खाडीत. दर आठवड्याला. हातातून जातात सगळे."

"लुका," नेदा म्हणाली. "ते गोणीत टाक."

"उन्हाळ्यापासून गोणीतच टाकतोय," लुका म्हणाला, आणि तिच्याकडे बघितलं.

 म्हणजे याला इतके महिने ठाऊक होतं. नदीच्या टोकाशी, चिखलात पाय रोवून, हा माणूस शिंपले पाण्यात सोडायच्या आधी अंगठ्याने चाचपत होता आणि तिचा हात ओळखत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तिला त्याचा राग आला. समोर बाप उभा होता. एका वाक्यात काउंटर तिचा झाला असता, आणि त्याच वाक्यात साऱ्या शहरात नाव असलेला यूरे राडमन आपल्याच घरासमोर उघडा पडला असता.

"तातांनी उघडलीत," ती स्पष्ट म्हणाली. "हात थोडा वळला असेल. वय झालंय त्यांचं. पुरे आता. स्तिपे, तू काय म्हणत होतास टेबलांचं?"

स्तिपेला काही समजलं नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं. तो लुकाकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. विंकाने मात्र शिंपला उचलून अंगठा आतून फिरवला, आणि तिची मान हळूच वर आली.

"यूरे," ती म्हणाली, "खिशातला हात बाहेर काढ."

 बाहेर ट्राम घंटा वाजवत गेली. मग म्हाताऱ्याने हात काढला आणि संगमरवरावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवला. बोटं आखडली होती, करंगळी आपली आपणच थरथरत होती.

"यात सुरी राहत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता, उलट थोडा मोठाच. "उन्हाळ्यापासून या काउंटरवर मी एक कालव उघडलेलं नाही. न्यायाधीशसाहेब, गोदीवाले, स्तिपे, तू, सगळ्यांनी वाहवा केली ती हिच्या हाताची. मी फक्त समोर ठेवायचो आणि बढाया मारायचो. बढायांना बोटं लागत नाहीत."

"ताता, तुम्ही कशाला," नेदा म्हणाली.

"तू खोटं बोलत होतीस ते मला बघवेना. तुला येत नाही नीट."

स्तिपेचा चेहरा उतरला. "मला का नाही सांगितलंत? मी परका आहे का?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टर, फुलं आणि नवीन टेबलं घेऊन आला असतास."

"मुलगा आहे मी तुमचा. मी काळजी करायची नाही?" त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. तो दारापर्यंत गेला, काचेतून रस्त्याकडे पाठमोरा बघत राहिला, मग तिथूनच म्हणाला, "ठीक आहे. नेदा उघडते, छान उघडते, मी कबूल करतो. मीच तर कौतुक केलं. पण सुरी ही वेगळी गोष्ट आहे. उलट्या हाताचा माणूस काउंटरवर चालत नाही, हे तुमचंच वाक्य. माझं नाही."

वाक्य यूरेचंच होतं. त्याने नेदाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. नेदाला वाटलं, संपलं. उजेडात आलं आणि तरीही संपलं. तिने ओल्या फडक्याने लिंबाची पाटी पुसायला घेतली.

"यूरे," विंका म्हणाली, "स्तानाची बोटं शेवटी कशी झाली होती, आठवतं?"

"त्याचं आता काय?"

"चमचा धरता येत नव्हता तिला. संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. आणि निकोलाला ती तुझी सुरी घेऊन मागे जायची, म्हणायची उजेड चांगला आहे, आणि उघडलेलं कालव आणून तुझ्या हातात ठेवायची. शेवटची किती वर्षं? तू ते कुणाच्या हातचं खात होतास?"

यूरे डाव्या हाताने रिकामे शिंपले एकावर एक रचू लागला.

"तुला माहीत होतं," विंका म्हणाली. "तू या धंद्यात म्हातारा झालास, तुला ओरखडा कळत नाही होय? माहीत होतं आणि गोड लागत होतं. स्ताना गेली, मधे कुणी राहिलं नाही, तर चार वर्षं उपाशी राहिलास पण हिला सुरी दे म्हणून तोंडातून निघालं नाही. मघाशी मी म्हटलं मुलाच्या हाती शोभते. म्हटलं खरं. पण मला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, म्हणून हिलाही विचारू नये, हे मी आता ऐंशीच्या वर गेल्यावर कशाला धरून बसू?"

 यूरेने कमरेची सुरी काढली. ॲप्रनला पुसली, एकदा, मग उगीच पुन्हा. त्याच्या हाताला ती नीट धरवत नव्हती म्हणून त्याने ती संगमरवरावर ठेवली आणि पलीकडे सरकवली. सुरी नेदासमोर थांबली तेव्हा मूठ तिच्या उजव्या हाताकडे होती. त्याने बोटाने सुरी फिरवली. मूठ तिच्या डाव्या हाताकडे झाली.

नेदाने सुरी लगेच उचलली नाही.

"मी आडोशाला उभी राहणार नाही, ताता," ती म्हणाली.

"नको राहूस."

"मधोमध उभी राहीन. माझं कोपर कुणाला लागू नये म्हणून पेटी डाव्या टोकाला जाईल, आणि बाकीच्यांनी माझ्या उजवीकडे उभं राहायचं. काउंटर आहे एवढाच राहील. टेबलं स्तिपेने त्याच्याकडे वाढवावीत, त्याला हौस आहे आणि अक्कलही आहे. आणि तुम्ही रोज यायचं. बढाया मला मारता येत नाहीत."

"पेटी माझ्या बापाने ठेवलीय तिथे."

"माहीत आहे."

म्हाताऱ्याने पेटीच्या कडेवरून डावा हात फिरवला. मग म्हणाला, "हलवा."

लुका आत शिरला आणि एक कड धरली. ती एकट्याला हलणारी नव्हती. त्याने दाराकडे बघून हाक मारली नाही, फक्त थांबला. स्तिपे काचेपासून वळला. मग त्याने नवा कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि येऊन दुसरी कड धरली.

"माल मात्र मी उचलणारच तुझा," तो दात आवळून लुकाला म्हणाला.

"उचल की. आधी हे उचल."

"सहा महिने मी हिचं कौतुक करत होतो. मला हे कोणी विसरू देणार नाही."

"मी तर नाहीच," विंका म्हणाली.

पेटी करकरत, पाणी सांडत, दुसऱ्या टोकाला गेली. मागे फरशीवर एक चौकोन राहिला, बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ. नेदा काउंटरची फळी वर करून आत आली. यूरे बाहेर गेला. त्या फळीपाशी दोघांचे खांदे एकमेकांना घासले, कारण जागा तेवढीच होती.

बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर यूरेला हात कुठे ठेवावेत कळेना. सगळं आयुष्य त्याने हा काउंटर आतून पाहिला होता. शेवटी त्याने इतरांसारखं पोट टेकवलं. स्तिपे त्याच्या एका बाजूला, लुका दुसऱ्या. कोपराला कोपर लागलं.

नेदाने आईच्या शेताची गोणी उसवली आणि हाताने तोलून एक कालव निवडलं. उजव्या हाताने ते फडक्यात धरलं, डाव्या हाताने सुरीचं टोक बिजागरीत घातलं आणि मनगट वळवलं. झाकण सुटलं. सुरी एकदाच आत फिरली. पाण्याचा थेंब सांडला नाही. तिने शिंपला बापासमोर ठेवला आणि लिंबाची बशी पुढे केली.

त्याने लिंबू घेतलं नाही. शिंपला डाव्या हाताने उचलला, ओठाला लावला आणि डोळे मिटले. चार निकोला उपाशी काढल्यावर. कालव घशाखाली गेलं.

शिंपला त्याने पालथा घातला नाही. अंगठा आतून फिरवला, ओरखडा येतो त्या बाजूने, आणि लुकाच्या हातात दिला.

"हा वेगळा ठेव," तो म्हणाला. "स्तानाच्या शेतात टाक."

लुकाने तो शर्टाच्या खिशात टाकला. निकोलाला काउंटरवरच्या माणसासाठी एकच उघडायचं असतं. यूरेने स्तानाकडे कधी दुसरं मागितलं नव्हतं, त्याच्या बापाने यूरेकडे मागितलं नव्हतं. नेदाने सुरी पुसायला घेतली.

"पुसतेस काय?" म्हातारा संगमरवरावर बोट आपटत म्हणाला. "अजून एक दे."